अर्जात गणित कुठे आहे?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी अकरा पत्रं एकाच गोष्टीबद्दल आहेत: गणितात पुढे शिकायचंय, अर्ज कसा करू? सगळ्यांना जागा देता येत नाही, म्हणून पाच निवडली आहेत. पहिल्या पत्राला मुद्दाम जास्त जागा दिली आहे, कारण त्यातली अडचण बाकी बहुतेकांचीही आहे.

प्रश्न : मॅडम, मी परभणीत बी.एस्सी. ऑनर्सच्या चौथ्या वर्षाला आहे, विषय गणित. सीजीपीए ८.९. मला अमेरिकेत थेट पीएचडीला अर्ज करायचे आहेत, आणि इथे टीआयएफआर व आयआयएससी या संशोधन संस्थांनाही. एसओपीचा (अर्जासोबत द्यायच्या ‘का शिकायचंय’ या निवेदनाचा) मसुदा सोबत जोडला आहे, कृपया इंग्रजी तपासून द्यावं. शिफारसपत्रासाठी सरांना विचारलं, तर ते म्हणाले, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ असं चालतं का? आणि वीस ठिकाणी अर्ज केला तर एका ठिकाणी तरी होईल ना?
— एक विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : बाळ, तुझा मसुदा मी दोनदा वाचला. इंग्रजी ठीक आहे, एवढ्या-तेवढ्या चुका कुणीही दुरुस्त करून देईल. माझी तक्रार वेगळी आहे. ‘लहानपणापासून मला आकड्यांची ओढ होती’ इथून सुरुवात आहे, मग दहावीचे गुण, मग गणित ही विज्ञानांची राणी, मग तुमच्या नामांकित विद्यापीठात शिकण्याचं स्वप्न. दीड पानात गणित कुठेच नाही. तुझ्या जागी दुसऱ्या मुलीचं नाव घातलं तरी एकही वाक्य बदलावं लागणार नाही.

आणि मग दुसऱ्या पानावर, शिबिरं आणि स्पर्धांच्या यादीत, कंसात कोंबलेली एक ओळ सापडली. एमटीटीएस या गणिताच्या उन्हाळी शिबिरात ‘पी मूळ संख्या असेल तर पीच्या वर्गाइतके घटक असलेला प्रत्येक ग्रुप अबेलियन असतो’ हे प्रमेय (ग्रुप म्हणजे एका क्रियेने एकमेकांशी जोडता येणाऱ्या घटकांचा संच, अबेलियन म्हणजे जोडण्याचा क्रम बदलला तरी उत्तर तेच) तुम्ही सोडवलंत, आणि पीच्या घनाचं काय होतं हे तू नंतर स्वतः चार दिवस बसून पाहिलंस. ती ओळ वाचून मी खुर्चीत सरळ बसले. हाच तुझा एसओपी आहे, आणि तू तो कंसात टाकलास!

फोनवर मी तुला विचारलं तेव्हा तू घडाघडा सांगितलंस. वर्गाच्या बाबतीतली सिद्धता घनाला चालते का, हे तू आधी तपासलंस. ती सेंटरपर्यंत (म्हणजे सगळ्यांशी क्रम न पाहता जुळणाऱ्या घटकांपर्यंत) नीट येते आणि पुढे कोशंट ग्रुप (सेंटरने भागून उरतो तो) सायक्लिक, म्हणजे एकाच घटकापासून बनलेला, निघत नाही म्हणून अडते, हे तुला दुसऱ्या दिवशी कळलं. तिसऱ्या दिवशी चौरसाच्या आठ सममिती आठवल्या: आधी फिरवून मग उलटवणं आणि आधी उलटवून मग फिरवणं एक नाही, आणि आठ म्हणजे दोनाचा घन. पण तू तिथे थांबली नाहीस. दोन ही मूळ संख्या जरा वेगळी वागते, मग तिनाचं काय? चौथ्या दिवशी तुला तीन बाय तीनच्या मॅट्रिक्स सापडल्या: कर्णावर एक, खाली शून्य, वरच्या तीन जागी मोड्युलो ३ मधला कोणताही आकडा (०, १ किंवा २). तीन जागा, प्रत्येकीला तीन पर्याय, म्हणून २७ घटक, आणि गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलतं. त्या २७ पैकी सगळ्यांशी क्रम न पाहता जुळणारे घटक किती, असं मी विचारल्यावर तू थोडी थांबलीस आणि म्हणालीस, ‘तीन. फक्त कोपऱ्यातला आकडा असलेले.’ आणि मग स्वतःहून म्हणालीस, ‘म्हणजे अबेलियन नसेल तर ते नेहमी पीच असणार, कमी नाही, जास्त नाही.’

आता हेच लिही. पहिल्या परिच्छेदात प्रश्न, दुसऱ्यात तू कुठे अडकलीस आणि कशी सुटलीस, तिसऱ्यात त्यातून पुढे काय वाचलंस आणि काय वाचायचं राहिलंय. यात नवा शोध नाही हे निवड समितीतल्या प्रत्येकाला माहीत असतं, आणि त्यांची तशी अपेक्षाही नसते. समितीत बसतात ते गणितीच असतात. एक मुलगी कुणी न सांगता प्रमेयाची एक अट बदलून पाहते, ते मोडल्यावर खचत नाही आणि दोनावर समाधान न मानता तिनाकडे वळते, हे त्यांना दिसू दे. आकड्यांची लहानपणची ओढ त्यांनी आपोआप धरलेलीच असते.

शेवटच्या परिच्छेदात त्या-त्या विभागाबद्दल लिही, पण खरं लिही. संकेतस्थळावरून तीन प्राध्यापकांची नावं उचलून चिकटवू नकोस. ग्रुप थिअरी किंवा रिप्रेझेंटेशन थिअरीत काम करणारी माणसं त्या विभागात आहेत का ते बघ, एखाद्याच्या व्याख्यानांच्या टिपणांची पहिली पाच पानं वाच, आणि जे समजलं तेवढंच लिही. ‘अजून विषय ठरलेला नाही, पण बीजगणिताकडे कल आहे’ असं प्रामाणिकपणे लिहिलं तरी चालतं. अमेरिकेत पहिली दोन वर्षं बहुतेक ठिकाणी अभ्यासक्रम आणि पात्रता परीक्षेतच जातात, मार्गदर्शक त्यानंतर ठरतो.

आता शिफारसपत्र. ‘तूच लिहून आण’ ही आपल्याकडची जुनी खोड आहे आणि तिचा मला मनापासून राग येतो. सर तुझं वाईट चिंतत नाहीत, त्यांना सवय नाही एवढंच. पण तू लिहिलेलं पत्र आणि तुझा एसओपी एकाच हातचे आहेत हे वाचणाऱ्याला पहिल्या परिच्छेदातच कळतं. शिवाय परदेशी अर्जात पत्र शिक्षकाने स्वतःच्या ईमेलवर आलेल्या दुव्यावरून चढवायचं असतं, आणि ते वाचण्याचा हक्क तू सोडलास की नाही हेही अर्जात विचारतात. सोड तो हक्क. सरांकडे जा, पण रिकाम्या हाताने जाऊ नकोस. ती चार दिवसांची वही ने, गुणपत्रक ने, कुठे-कुठे आणि कोणत्या तारखेपर्यंत पत्र हवंय ते एका कागदावर लिहून ने. म्हण, ‘सर, इंग्रजीची काळजी करू नका, मी तुमच्या वर्गात काय विचारायचे ते तेवढं लिहा.’ निदान दोन महिने आधी जा.

पत्रात काय असावं ते एका उदाहरणाने सांगते, सरांनाही वाचून दाखव. जत तालुक्यातल्या एका मुलासाठी मी पत्र लिहिलं होतं. त्याला मी प्रश्न दिला होता: सलग फलन असेल आणि बेरजेचं मूल्य हे मूल्यांची बेरीज असेल, तर ते फलन म्हणजे चलाला एका स्थिरांकाने गुणणं एवढंच असतं हे दाखव. पहिल्या दिवशी त्याने पूर्णांकांसाठी दाखवलं आणि झालं म्हणाला. दुसऱ्या दिवशी परिमेय संख्यांपर्यंत आला. तिसऱ्या दिवशी सगळ्या वास्तव संख्यांसाठी सिद्धता आणली, पण फलन डिफरन्शिएबल आहे असं हळूच गृहीत धरलं होतं. चौथ्या दिवशी, परिमेय संख्या सगळीकडे दाटीने पसरलेल्या असतात आणि फलन सलग आहे, एवढ्यावर नेमकी सिद्धता आणली. मी पत्रात हे चार दिवस लिहिले, बाकी जवळजवळ काही नाही. त्याला ८१ टक्केच होते. चेन्नईला मुलाखतीला बोलावलं तेव्हा त्यांनी त्याला तिसऱ्या दिवसाच्या चुकीबद्दलच विचारलं, आणि त्याची निवड झाली.

तीन पत्रं लागतात. एक सर, एक शिबिरातले शिक्षक. तिसरं महाविद्यालयाच्या प्राचार्यांकडून घेऊ नकोस, त्यांनी तुला शिकवलेलं नाही. मोठं पद पत्राला वजन देत नाही. ज्याच्यासमोर तू फळ्यावर चुकली आहेस, त्याच्याकडून घे.

वीस अर्ज नकोत. अमेरिकेत प्रत्येक अर्जाला साधारण शंभर डॉलरच्या आसपास शुल्क पडतं, वीस म्हणजे तुझ्या घरचं कंबरडं मोडेल. सहा-सात पुरेत, त्यात दोन जरा आवाक्याबाहेरचे आणि दोन जिथे होईल असं वाटतं असे ठेव. शुल्कमाफीसाठी विभागाला आधीच ईमेल करून विचार, लाजू नकोस, काही ठिकाणी देतात. मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असते, निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. आर्थिक साहाय्यासह प्रवेश देऊ केला तर १५ एप्रिलपर्यंत विचार करायला वेळ द्यायचा, असा तिथल्या बहुतेक विद्यापीठांचा आपसातला ठराव आहे. त्याआधी कुणी घाई केली तर घाबरून होकार देऊ नकोस.

टीआयएफआरची लेखी परीक्षा मात्र हिवाळ्यात, डिसेंबरच्या सुमारास येते, म्हणजे अमेरिकेच्या अर्जांच्या ऐन गर्दीत. म्हणून एसओपी ऑक्टोबर संपायच्या आत हातावेगळा कर. नवा मसुदा मला पाठव. या वेळी इंग्रजीही तपासून देईन.

प्रश्न : माझी मुलगी गणितात एम.एस्सी. आणि मग पीएचडी करायचं म्हणते. मी एस.टी.त वाहक आहे. नातेवाईक म्हणतात बी.एड. करू द्या, नाहीतर स्पर्धा परीक्षा. एवढी वर्षं शिकायला पैसे कुठून आणायचे, आणि शेवटी नोकरी लागते का? मला त्यातलं काही कळत नाही, खरं काय ते सांगा.
— एक पालक, लातूर जिल्हा

उत्तर : तुम्ही स्वतः पत्र लिहिलंत, याचं मला फार अप्रूप वाटलं. दोन प्रश्न आहेत, वेगवेगळी उत्तरं देते.

पैशांचं उत्तर बरंच चांगलं आहे. गणितातली पीएचडी फी भरून करायची नसते, तिच्यासाठी पैसे मिळतात. सीएसआयआर-नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. अणुऊर्जा विभागाचं राष्ट्रीय उच्च गणित मंडळ आहे, एनबीएचएम. ते १९८३ साली स्थापन झालं. ते एम.ए.-एम.एस्सी.साठीही शिष्यवृत्ती देतं आणि पीएचडीसाठीही, स्वतःची परीक्षा घेऊन. टीआयएफआर आणि बंगळुरूच्या आयआयएससीत बी.एस्सी.नंतर थेट इंटिग्रेटेड पीएचडीला जाता येतं, तिथे एम.एस्सी.च्या वर्षांतही छात्रवृत्ती असते. खर्चाची अडचण असेल ती मधल्या दोन वर्षांची, एम.एस्सी.ची. सरकारी विद्यापीठात शिकली तर तीही फार मोठी नाही.

नोकरीचं उत्तर तेवढं सोपं नाही, आणि ते मी गोड करून सांगणार नाही. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात. त्यानंतर आपल्याकडच्या महाविद्यालयांत कायम जागा निघायला वेळ लागतो, तोवर अनेक जण तासिका तत्त्वावर शिकवतात. मीही चार वर्षं तसंच शिकवलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पगार नसायचा, जून उजाडेपर्यंत नेमणूक होईल की नाही ते कळायचं नाही, आणि एका वर्षी तर सप्टेंबरपर्यंत हातात कागद आला नव्हता. आईने तेव्हा एक शब्द विचारला नाही, ते मी विसरलेले नाही. आज मुलींना आणखी वाटा आहेत, बँका आणि विमा कंपन्यांत, सांख्यिकीत, संगणकाच्या कामात गणिताची पदवी चालते. पण ‘पीएचडी झाली की प्राध्यापक’ असं गृहीत धरू नका.

मग काय करायचं? मुलीला एक वर्ष द्या. या वर्षात तिने जॅम (आयआयटीतल्या एम.एस्सी. प्रवेशाची) आणि टीआयएफआर या दोन परीक्षा द्याव्यात, आणि उन्हाळ्यात एमटीटीएसच्या शिबिराला अर्ज करावा. हे शिबिर प्रा. कुमरेसन यांनी १९९३ साली सुरू केलं, निवड झालेल्या मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय तिथे होते. चार आठवडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत गणितच. तिथून परत आल्यावर ती काय बोलते ते ऐका. दमून गप्प झाली तर बी.एड.चा रस्ता कुठे पळून जात नाही. जेवताना ताटावरही त्याबद्दलच बोलत राहिली, तर तिला अडवू नका.

प्रश्न : अमेरिकेतल्या पीएचडीसाठी जीआरईची गणिताची सब्जेक्ट टेस्ट द्यायलाच हवी का? — बी.एस्सी.चा विद्यार्थी, ठाणे

उत्तर : आता पुष्कळ विभागांत ती ऐच्छिक आहे, काही ठिकाणी घेतही नाहीत. ज्या विभागांना अर्ज करणार त्या प्रत्येकाचं पान उघडून बघ, ऐकीव माहितीवर जाऊ नकोस. पण तू फारशा माहीत नसलेल्या महाविद्यालयातून येत असशील तर दे. तुझ्या विद्यापीठाचे ९० टक्के म्हणजे काय ते समितीला समजत नाही, हा आकडा समजतो. साधारण ६६ प्रश्न, २ तास ५० मिनिटं, गुण २०० ते ९९० मध्ये. निम्मा भाग कॅल्क्युलसचा आणि पाव भाग बीजगणिताचा असतो. अवघड प्रश्नांपेक्षा वेग आडवा येतो, म्हणून घड्याळ लावून सराव कर. गुण कमी आले तर ऐच्छिक ठिकाणी ते पाठवू नकोस, एवढं साधं आहे.

प्रश्न : जर्मनीत शिक्षण फुकट आहे असं ऐकलं. गणितात मास्टर्सला जावं का? — एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही हे खरं, पण सगळीकडे नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो भरावे लागतात. आणि शुल्क नसलं तरी राहण्या-खाण्याचा खर्च तुझाच. व्हिसासाठी वर्षभराची रक्कम ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (महिन्याला ठरावीकच पैसे काढता येणाऱ्या खात्यात) दाखवावी लागते, आणि भारतीय विद्यार्थ्यांना आता एपीएसचं, म्हणजे शैक्षणिक कागद तपासल्याचं, प्रमाणपत्रही लागतं, त्याला वेळ जातो. ते आधी काढायला टाक. बॉनसारख्या ठिकाणी मास्टर्स इंग्रजीत आहे आणि गणित फार वरच्या दर्जाचं आहे. जमत असेल तर नक्की जा.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा आहे. कणकवलीजवळच्या शाळेत बारा वर्षं नववी-दहावीला गणित शिकवतो. बी.एस्सी.नंतर परिस्थितीमुळे थांबलो. आता जॅम देऊन आयआयटीत एम.एस्सी. करावं असं वाटतं. वय आडवं येईल का? वाचायला बसलो की व्याख्या आठवतात, पण आत काही उजळत नाही. कुठून सुरू करू?
— एक शिक्षक, सिंधुदुर्ग

उत्तर : सर, जॅमला वयाची अट नाही. तुमची बी.एस्सी.ची पदवी पुरते. पेपर फेब्रुवारीत असतो, अर्ज त्याआधीच्या पावसाळ्याच्या शेवटी सुटतात. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. तीस प्रश्न एका पर्यायाचे, त्यांत चुकलं तर एकतृतीयांश गुण जातात. दहा प्रश्नांत एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात, आणि वीस प्रश्नांत उत्तराचा आकडा स्वतः भरायचा. या शेवटच्या तीसांत चुकीला दंड नाही, म्हणून ते कोरे सोडू नका.

‘आत काही उजळत नाही’ हे तुम्ही लिहिलंत, त्याच्याशी मात्र मी थांबले. माझंही असंच होतं. १९८४ साली मी एका संशोधन संस्थेत पीएचडीच्या मुलाखतीला गेले. एम.एस्सी.ला विद्यापीठात दुसरी आले होते, सिद्धता तोंडपाठ. त्यांनी युनिफॉर्म कंटिन्युइटीची (फलन सगळीकडे एकाच मापाने सलग असण्याची) व्याख्या विचारली, मी एप्सिलॉन-डेल्टासकट खाडखाड सांगितली. मग म्हणाले, ‘आता शून्य ते एक या खुल्या अंतरालावर असं फलन सांगा, जे सलग आहे पण युनिफॉर्मली सलग नाही.’ मला एक आठवेना. एक भागिले एक्स, बाई! शाळेत काढलेला आलेख! शून्याकडे जाताना तो कसा उभा चढत जातो ते मी शंभरदा काढलं होतं, पण त्या व्याख्येचा आणि या आलेखाचा काही संबंध आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. त्या वर्षी माझी निवड झाली नाही.

घरी येऊन मी दोनशे पानी वही घेतली. डाव्या पानावर प्रमेय लिहायचं. उजव्या पानावर त्याची एकेक अट काढून टाकायची आणि प्रमेय मोडणारं उदाहरण शोधायचं. खुलं अंतराल बंद केलं तर? सलगपणा काढला तर? क्रमिका बाउंडेड नसली तर? काही पानं महिनोन्महिने कोरी राहिली. पुढच्या वर्षी दुसऱ्या संस्थेत मुलाखत झाली तेव्हा त्यांनी विचारलेल्या सहा प्रश्नांपैकी चार त्या वहीतले होते, आणि पाचव्याला मी ‘येत नाही, पण इथून प्रयत्न करते’ म्हणून खडू हातात घेतला. तिथे मला घेतलं.

तुम्ही तशी वही करा. जॅमचा अभ्यासक्रम चाळून पाहा: रिअल अ‍ॅनालिसिस, अनेक चलांचं कॅल्क्युलस आणि डिफरन्शिअल इक्वेशन्स, लिनिअर अल्जिब्रा आणि ग्रुप्स. रिअल अ‍ॅनालिसिसपासून सुरुवात करा, कारण तिथली उदाहरणं तुम्ही रोज फळ्यावर काढताच. दहावीच्या पोराला तुम्ही ‘असं का?’ विचारता, तोच प्रश्न रात्री स्वतःला विचारायचा. शाळा सांभाळून रोज दीड तास आणि रविवारी चार तास धरले तर एका पावसाळ्यात जमणार नाही, दोन लागतील. येत्या फेब्रुवारीची परीक्षा मात्र द्याच, नुसती सवय म्हणून.

आणि प्रवेश मिळाला तर अध्ययन रजेबद्दल आत्ताच संस्थेशी बोलून ठेवा, कारण कागद फिरायला आपल्याकडे मार्गशीर्षाचा चैत्र होतो. वहीचं पहिलं उजवं पान झालं की त्याचा फोटो मला पाठवा. बंद अंतरालावरच्या सलग फलनापासून सुरुवात करा, त्यात काढून टाकायला दोन अटी आहेत.